पत्ताबदलाची नोंद : परदेशी राहणाऱ्यांसाठी आणि मंगरूळपीरला परतणाऱ्यांसाठी

परदेशात राहणाऱ्या बिगर-नागरिकाने आपला राहता पत्ता तेथील इमिग्रेशन खात्याला कळवत राहावे, अशी अपेक्षा अनेक देशांच्या कायद्यांत आहे, आणि व्हिसा कंपनीने काढून दिलेला असो, विद्यापीठाच्या प्रवेशावर मिळालेला असो किंवा मुलाने प्रायोजक होऊन आईवडिलांना नेलेले असो, ही जबाबदारी ज्याच्या नावाने व्हिसा आहे त्याच्याच डोक्यावर राहते. मंगरूळपीर, शेलूबाजार, आसेगाव या भागातील मुले शिक्षणासाठी अकोला-अमरावती, नोकरीसाठी पुणे आणि तेथून पुढे अमेरिका किंवा जर्मनी असा प्रवास करतात, तेव्हा भाड्याचे घर बदलणे ही त्यांच्या दृष्टीने वर्षा-दोन वर्षांनी येणारी किरकोळ गोष्ट असते. बँक, वीज, इंटरनेट आणि विमा यांना नवा पत्ता कळवला जातो, आणि ज्या खात्याच्या दप्तरातील पत्त्याला सर्वांत जास्त कायदेशीर वजन आहे तेच खाते नेमके राहून जाते.

हे वजन कशामुळे येते ते आधी समजून घेतले पाहिजे. इमिग्रेशन खात्याच्या दप्तरात जो पत्ता नोंदलेला असतो त्या पत्त्यावर खात्याने पत्र पाठवले, की ते संबंधिताला मिळाले असे कायद्याच्या नजरेत साधारणपणे गृहीत धरले जाते. ते पत्र प्रत्यक्षात जुन्या घराच्या पेटीत पडून राहिले की नव्या भाडेकरूने केराच्या डब्यात टाकले, हा प्रश्न नंतरचा ठरतो. बोटांचे ठसे देण्याची तारीख, अर्जात कमी पडलेल्या कागदांची मागणी, मुलाखतीचे बोलावणे, मंजूर झालेले ग्रीन कार्ड या सर्व गोष्टी त्याच पत्त्यावर येतात आणि त्यांतील बहुतेकांना मुदत असते. पत्र न मिळाल्यामुळे उत्तर गेले नाही, तर अर्ज सोडून दिला असे मानून तो नाकारला जाऊ शकतो. म्हणून पत्ता कळवणे याकडे टपालाची सोय म्हणून न पाहता कायद्याची बाब म्हणून पाहावे. दुसरे असे की सरकारचे प्रत्येक दप्तर आपापली वही ठेवते आणि एका वहीतील पत्ता दुसऱ्या वहीत आपोआप उतरत नाही. प्रत्यक्षातल्या बहुतेक अडचणी या दुसऱ्या गोष्टीच्या अज्ञानातून निर्माण होतात.

अमेरिकेतील नियमाचे मूळ १९४० च्या परकीय नोंदणी कायद्यात आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या सावटाखाली झालेल्या या कायद्याने परकीय नागरिकांची नोंदणी आणि बोटांचे ठसे सक्तीचे केले, आणि १९५२ च्या इमिग्रेशन व नागरिकत्व कायद्याने ती व्यवस्था पुढे चालू ठेवली. १९६५ नंतर अमेरिकेत गेलेल्या मराठी डॉक्टर-इंजिनियरांच्या पहिल्या पिढीला, पत्ता बदललेला असो वा नसो, दर जानेवारीत पत्त्याचे कार्ड भरून द्यावे लागे. ही वार्षिक पद्धत १९८१ च्या दुरुस्तीने बंद झाली आणि पत्ता बदलल्यावर दहा दिवसांत कळवण्याचे बंधन तेवढे शिल्लक राहिले. ज्येष्ठ नातेवाइकांकडून ऐकलेली जानेवारीची आठवण त्यामुळे खरी असली, तरी आज तिच्यावर विसंबणे धोक्याचे आहे, कारण आता वर्षाकाठी आठवण करून देणारे काहीच उरलेले नाही.

सध्या ही माहिती ‘एआर-११’ नावाच्या फॉर्मवर दिली जाते. त्याला शुल्क नाही. यूएससीआयएस, म्हणजे अमेरिकेचे नागरिकत्व व इमिग्रेशन सेवा खाते, यांच्या संकेतस्थळावरील स्वतःच्या खात्यातून तो भरता येतो किंवा छापील फॉर्म टपालाने पाठवता येतो. ऑनलाइन भरल्यास लगेच पोच मिळते, म्हणून तोच मार्ग श्रेयस्कर. दहा दिवसांची मोजणी घर प्रत्यक्ष बदलल्यापासून होते; भाडेकरार केव्हा झाला याच्याशी तिचा संबंध नाही, आणि शनिवार-रविवार त्यातून वगळले जात नाहीत. एच-१बी या कामाच्या व्हिसावरील व्यक्ती, तिच्यासोबत एच-४ व्हिसावर आलेली पत्नी किंवा पती आणि मुले, तसेच ग्रीन कार्डधारक म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना असलेले लोक, या सर्वांना हे बंधन लागू आहे. राजनैतिक व्हिसांवरील व्यक्ती आणि व्हिसामाफीच्या सवलतीवर आलेले पाहुणे यांना त्यातून सूट आहे. भारतीय नागरिकांना ती दुसरी सवलत मुळातच उपलब्ध नाही. कुटुंबातील प्रत्येकाची नोंद स्वतंत्र असते, त्यामुळे नवऱ्याने स्वतःचा पत्ता बदलून घेतला म्हणजे बायकोचा बदलला असे होत नाही. अमेरिकेत जन्मलेले मूल मात्र तेथील नागरिक असल्याने त्याच्यासाठी हा फॉर्म लागत नाही.

फॉर्ममध्ये नाव, जन्मतारीख, परकीय नोंदणी क्रमांक असल्यास तो (बोलीभाषेत ‘ए-नंबर’), आताचा राहता पत्ता, आधीचा राहता पत्ता आणि टपालाचा पत्ता वेगळा असल्यास तो, एवढीच माहिती मागितली जाते; पण चुका याच साध्या रकान्यांत होतात. राहत्या पत्त्याच्या जागी पोस्ट ऑफिसमधील भाड्याची पेटी चालत नाही, कारण खात्याला माणूस झोपतो कुठे ते हवे असते. अपार्टमेंटचा क्रमांक रस्त्याच्या ओळीतच कोंबण्याऐवजी त्याच्या स्वतंत्र रकान्यात लिहावा. चार-पाच मुले मिळून एकच घर भाड्याने घेतात आणि पत्रपेटीवर एकाचेच नाव असते, तेव्हा बाकीच्यांची पत्रे पोस्टमन परत नेण्याची शक्यता असते. अशा वेळी पेटीवर सर्वांची आडनावे चिकटवावीत आणि फॉर्मवर ज्याच्या मार्फत पत्र यावे त्याच्या नावाचा रकाना भरावा. अमेरिकी टपाल खात्याकडे जुन्या पत्त्यावरील टपाल नव्या पत्त्यावर वळवण्याची सोय आहे, ती अवश्य घ्यावी. परंतु ती सोय म्हणजे इमिग्रेशन खात्याला दिलेली सूचना नव्हे, आणि खात्याची काही पत्रे वळवली न जाता प्रेषकाकडे परत जातात. मोटार परवान्याचे राज्य खाते, सामाजिक सुरक्षा खाते आणि प्राप्तिकर खाते यांच्याही वह्या निरनिराळ्या आहेत.

ज्यांचा एखादा अर्ज खात्याकडे प्रलंबित आहे त्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. पत्ताबदल नोंदवताना प्रलंबित अर्जाचा पावती क्रमांक, म्हणजे तीन इंग्रजी अक्षरे आणि त्यानंतरचे दहा अंक, दिलेला असला पाहिजे, नाहीतर नवा पत्ता सर्वसाधारण नोंदीत जातो आणि अर्जाच्या फाइलवर जुनाच राहतो. एका व्यक्तीचे तीन अर्ज चालू असतील तर तिन्ही क्रमांक द्यावे लागतात. वकिलाने अर्ज केला असला, तरी पत्ताबदलाची पोच मिळाल्यावर तिची प्रत वकिलाकडे द्यावी आणि एक स्वतःजवळ ठेवावी.

एखाद्याचे प्रकरण इमिग्रेशन न्यायालयात गेले असेल तर गांभीर्य पुष्कळ वाढते. हे न्यायालय यूएससीआयएसचा भाग नाही. ते न्याय खात्याच्या अखत्यारीत येते आणि त्याला पत्ता कळवण्याचा फॉर्म वेगळा आहे, ‘ईओआयआर-३३’, ज्याची मुदत कामकाजाच्या पाच दिवसांची आहे. जुन्या पत्त्यावर पाठवलेल्या नोटिशीनुसार सुनावणी झाली आणि संबंधित व्यक्ती हजर राहिली नाही, तर तिच्या गैरहजेरीत देशाबाहेर काढण्याचा आदेश होऊ शकतो. आणि ज्याने पत्ताच दिलेला नाही त्याला नोटीस पाठवणेही कायद्याने आवश्यक राहत नाही. एआर-११ न भरल्याबद्दलची शिक्षाही कागदावर लहान नाही: तो किरकोळ स्वरूपाचा का होईना पण फौजदारी गुन्हा असून त्यात दंड आणि तीस दिवसांपर्यंत कैद अशी तरतूद आहे, आणि चूक सहेतुक नव्हती किंवा तिला सबळ कारण होते असे दाखवता आले नाही, तर व्यक्ती देशाबाहेर काढण्यास पात्र ठरू शकते. अनेक वर्षे ही कलमे क्वचित वापरली जात असत, त्यामुळे ‘कोणी विचारत नाही’ हा समज मराठी मंडळींतही रुळला. अलीकडे, विशेषतः २०२५ मध्ये परकीय नोंदणीच्या जुन्या तरतुदी पुन्हा कडकपणे राबवण्यास सुरुवात झाल्यानंतर, या समजावर चालणे शहाणपणाचे नाही. मुदत टळून गेली असेल तर काय करावे, असा प्रश्न नेहमी पडतो. उशिरा का होईना फॉर्म भरावा, आणि त्यात बदलाची खरी तारीख लिहावी. मुदतीत बसावी म्हणून तारीख पुढे ढकलणे म्हणजे साध्या विलंबाचे खोट्या निवेदनात रूपांतर करणे होय.

एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्यांना घराचा पत्ता आणि कामाची जागा यांत भेद करावा लागतो. घर बदलले पण कचेरी तीच राहिली, तर एआर-११ पुरेसा होतो. कामाची जागाच दुसऱ्या महानगर क्षेत्रात गेली, तर कंपनीने सुधारित व्हिसा-अर्ज आधी दाखल करणे आवश्यक असते, हे २०१५ मधील ‘सिमेयो सोल्यूशन्स’ या प्रकरणातील निर्णयाने स्पष्ट झाले आहे. घरून काम करणाऱ्या माणसाच्या बाबतीत घर हीच कामाची जागा असते, आणि नेमका येथेच घोटाळा होतो: डॅलसच्या कंपनीत कामाला असलेला माणूस स्वस्त घर मिळाले म्हणून दुसऱ्या राज्यात राहायला जातो, एआर-११ भरून मोकळा होतो, आणि कंपनीच्या मनुष्यबळ खात्याला हे महिनोन्‌महिने कळत नाही. म्हणून घर बदलण्यापूर्वीच कंपनीला लेखी कळवावे.

एफ-१ व्हिसावरील विद्यार्थ्यांची रीत वेगळी आहे. त्यांनी दहा दिवसांत विद्यापीठातील नियुक्त अधिकाऱ्याला, ज्याला विद्यार्थी ‘डीएसओ’ म्हणतात, नवा पत्ता कळवायचा असतो आणि तो अधिकारी पुढे ‘सेव्हिस’ या विद्यार्थी-नोंदवहीत बदल करतो. पदवीनंतर प्रत्यक्ष कामाच्या अनुभवासाठी मिळणाऱ्या ‘ओपीटी’च्या काळात विद्यार्थ्याला स्वतःच्या पोर्टलवरूनही पत्ता बदलता येतो. शिक्षण संपले, आता विद्यापीठाशी संबंध काय, असे समजून या काळात बरेच जण गाफील राहतात.

गावाकडून मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांचा प्रश्न याहून निराळा आणि पुष्कळदा दुर्लक्षित आहे. पर्यटक व्हिसावर सहा महिने राहिलेले आईवडील तीन महिने मुलाकडे ओहायोत आणि पुढचे तीन महिने मुलीकडे न्यू जर्सीत राहतात. मुक्काम असा हलला असता पत्ताबदलाचे कलम त्यांनाही लागू होते, आणि शुल्क नसलेला फॉर्म भरून टाकण्यात काहीही अडचण नाही. ज्या आईवडिलांना अमेरिकी नागरिक झालेल्या मुलाने किंवा मुलीने ग्रीन कार्डवर नेले आहे, त्यांच्या बाबतीत दोघांनाही काम आहे. आईवडिलांनी एआर-११ भरायचा. मूल नागरिक असल्याने त्याला एआर-११ लागत नाही, परंतु आईवडिलांच्या पोषणाची हमी देताना त्याने जे शपथपत्र केलेले असते त्यानुसार, स्वतःचा पत्ता बदलल्यावर तीस दिवसांत त्याला ‘आय-८६५’ हा वेगळा फॉर्म भरावा लागतो, आणि न भरल्यास २५० ते २,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. नागरिकत्व मिळाले की इमिग्रेशन खात्याशी संबंध संपला, हे जेवढे सर्रास बोलले जाते तेवढे हे शपथपत्र कोणाच्या लक्षात राहत नाही.

इतर देशांतील पद्धती थोडक्यात पाहता येतील. जर्मनीत घर घेतल्यापासून दोन आठवड्यांत स्थानिक नागरिक-कार्यालयात नोंदणी करावी लागते. तिला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात आणि ती जर्मन नागरिकांनाही सुटलेली नाही. नोंदणीसाठी घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र लागते, त्यामुळे ते देण्याची तयारी नसलेल्या मालकाचे स्वस्त घर शेवटी महागात पडते. ब्रिटनमध्ये प्लास्टिकच्या निवास-कार्डांची जागा आता ई-व्हिसाने घेतली आहे आणि पत्ता त्याच्या ऑनलाइन खात्यात बदलावा लागतो. ऑस्ट्रेलियातील विद्यार्थ्याने सात दिवसांत आपल्या शिक्षणसंस्थेला नवा पत्ता कळवायचा असतो.

मंगरूळपीरकरांच्या कागदपत्रांत पत्त्याची एक स्वतंत्र गुंतागुंत आहे आणि ती नीट समजून घेणे उपयोगाचे आहे. इंग्रजी अमदानीत मंगरूळ हा वाशिम, तेव्हाच्या लिखाणात ‘बासिम’, जिल्ह्याचा तालुका होता. १९०५ मध्ये तो जिल्हा मोडला आणि मंगरूळ अकोला जिल्ह्यात गेले. १ जुलै १९९८ रोजी वाशिम जिल्हा पुन्हा अस्तित्वात आला. याचा अर्थ असा की, १९९८ पूर्वी जन्मलेल्या व्यक्तीच्या जन्मदाखल्यावर आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘जि. अकोला’ असते, तर तिच्याच आधार कार्डावर आणि पासपोर्टच्या पत्त्यावर ‘जि. वाशिम’ असते. ही चूक नाही. जुना दाखला ‘दुरुस्त’ करून घेण्याच्या मागे लागू नये, पत्त्यात आजचा जिल्हा लिहावा आणि परदेशी अधिकाऱ्याने विसंगतीबद्दल विचारलेच तर जिल्हा निर्मितीची तारीख देऊन एका ओळीत खुलासा करावा. गावाच्या नावाचेही तसेच आहे. काही कागदांवर मंगरूळपीर, काहींवर मंगरूळनाथ, इंग्रजीत कुठे एक शब्द तर कुठे दोन. यांपैकी पासपोर्टवर जे रूप असेल तेच पुढच्या सर्व परदेशी फॉर्मांत वापरावे आणि पिन कोड ४४४४०३ न चुकता लिहावा, कारण नावाचे रूप कोणतेही असले तरी टपाल खात्याची खूण तोच आहे. तालुक्यातील खेड्यांनी आपल्या टपाल कार्यालयाचा पिन एकदा तपासून घ्यावा. खेड्यातील घरांना शहरासारखा दरवाजा क्रमांक नसतो, तेव्हा ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मधील मालमत्ता क्रमांक घर क्रमांक म्हणून लिहिता येतो. ‘मारुती मंदिराजवळ’ ही खूण पोस्टमनला पुरते, पण फॉर्मच्या रकान्यातील मोजकी अक्षरे तिच्यावर खर्च करू नयेत.

या जुन्या पत्त्यांची गरज अनपेक्षितपणे पुढे येते. अमेरिकेच्या स्थलांतर व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात वयाच्या सोळाव्या वर्षापासून राहिलेले सर्व पत्ते विचारले जातात, म्हणजे मंगरूळपीरचे घर, अमरावतीचे वसतिगृह, पुण्यातील कॉट बेसिसची खोली, सगळे आले. पुढे नागरिकत्वाच्या अर्जात मागील पाच वर्षांचे पत्ते द्यावे लागतात आणि ते आधी कळवलेल्या पत्त्यांशी ताडून पाहता येतात. यासाठी एक साधी वही ठेवावी, तीत प्रत्येक घराचा पूर्ण पत्ता, राहायला गेल्याचा व सोडल्याचा महिना आणि पत्ताबदलाच्या पोचेचा क्रमांक लिहावा. वडिलांच्या पेटीतील सातबारा आणि घरपट्टीच्या पावत्यांइतकीच ही वही जपण्यासारखी आहे.

भारतीय पासपोर्टवरील पत्ता हे आणखी एक निराळे दप्तर. घर बदलले म्हणून पासपोर्ट रद्द होत नाही, मात्र नवा पत्ता त्यावर हवा असेल तर पासपोर्ट पुन्हा काढावा लागतो. वाशिम जिल्हा नागपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या कक्षेत येतो. सुट्टीवर आलेला मुलगा अर्जात सवयीने पुण्याच्या सोडलेल्या खोलीचा पत्ता लिहितो, पोलीस पडताळणी त्या हद्दीतील ठाण्याकडे जाते, तेथे तो सापडत नाही आणि प्रतिकूल अहवालामुळे परतीचे तिकीट वाया जाते. म्हणून अर्जाच्या वेळी खरोखर जेथे मुक्काम आहे तोच पत्ता सध्याचा पत्ता म्हणून द्यावा आणि पडताळणीच्या दिवसांत तेथे हजर राहावे.

प्रवाह उलटाही वाहतो, आणि त्या वेळी जबाबदारी मंगरूळपीरच्या घरावर येते. भारतात परकीयांच्या नोंदणीचा कारभार अनेक दशके १९३९ आणि १९४६ च्या कायद्यांनुसार चालत असे. त्यांची जागा इमिग्रेशन आणि परकीय नागरिक कायदा, २०२५ याने घेतली असून तो १ सप्टेंबर २०२५ पासून लागू आहे. परदेशी नागरिकाला उतरवून घेणाऱ्याने त्याची माहिती २४ तासांत नोंदणी अधिकाऱ्याला द्यावयाची असते. ‘फॉर्म सी’ या नावाने परिचित असलेली ही माहिती ऑनलाइन भरता येते, आणि ती लॉज किंवा धर्मशाळा यांच्यापुरती आहे हा समज बरोबर नाही. खासगी घरही त्यात येते. दादा हयात कलंदर यांच्या दर्ग्याच्या किंवा बिरबलनाथ महाराजांच्या यात्रेसाठी आलेला परदेशी पाहुणा लॉजवर उतरला तर लॉजचालक ती भरतो, नातेवाइकांकडे उतरला तर यजमानाने भरावी. अमेरिकी वा ब्रिटिश पासपोर्ट असलेला नातू आजोबांना कितीही आपला वाटला तरी या कायद्यापुढे तो परकीय नागरिकच आहे. मोठ्या शहरांत यासाठी विभागीय नोंदणी कार्यालय असते. जिल्ह्यात ते काम पोलीस अधीक्षकांकडे असते, म्हणून मंगरूळपीर तालुक्यासाठी वाशिमच्या पोलीस अधीक्षक कार्यालयातील परकीय नागरिक शाखेशी संपर्क साधावा. १८० दिवसांपेक्षा अधिक मुदतीच्या व्हिसावर दीर्घकाळ राहायला आलेल्या व्यक्तीला स्वतःची नोंदणी आणि पुढे पत्ताबदलही ई-एफआरआरओ या पोर्टलवर करता येतो.

‘ओसीआय’ कार्डधारक, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेले भारतीय वंशाचे लोक, यांना पोलीस नोंदणीची आवश्यकता नसते, आणि त्यामुळे त्यांना भारतात काहीच कळवावे लागत नाही असा समज पसरलेला आहे. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार कायमचा राहता पत्ता किंवा व्यवसाय बदलल्यास त्यांनी नोंदणी अधिकाऱ्याला ई-मेलने कळवणे अपेक्षित आहे. निवृत्तीनंतर अमेरिकेतील घर विकून मंगरूळपीरच्या वडिलोपार्जित घरात राहायला येणाऱ्या जोडप्याला हे थेट लागू होते. ई-मेलमध्ये दोघांचे ओसीआय क्रमांक, जुना व नवा पत्ता आणि राहायला आल्याची तारीख लिहावी, सोबत घरपट्टीची पावती किंवा वीजबिल जोडावे, आणि आलेले उत्तर छापून ओसीआय कार्डासोबत ठेवावे.